दोन भाषांच्या घरातील लेखिका



एलिझाबेथ आसेवेदो ही १९८८ साली न्यूयॉर्क शहरात जन्मलेली लेखिका. तिचे आईवडील डोमिनिकन प्रजासत्ताकातून तेथे येऊन स्थायिक झालेले. घरात स्पॅनिश, उंबऱ्याबाहेर इंग्रजी. बदलीच्या गावी मुले वाढविलेल्या आपणांस ही स्थिती समजावून सांगावयास नको.

तिचे नाव प्रथम झाले ते 'स्लॅम'च्या व्यासपीठावर. मार्क स्मिथ या बांधकाम-कामगार कवीने १९८० नंतरच्या दशकात शिकागोत ही काव्यस्पर्धा सुरू केली. कवीला तीन मिनिटे. वाद्य नाही, वेषभूषा नाही. आणि परीक्षक कोण, तर श्रोत्यांतूनच निवडलेले पाचजण! त्यांच्या गुणांपैकी सर्वांत वरचा व सर्वांत खालचा अंक वगळतात. (आमच्या खात्याच्या निवड-मंडळांनीही ही युक्ती उचलावी.) आपल्या कलगी-तुऱ्याच्या फडाची आठवण व्हावी असाच हा प्रकार. २०१४ साली आसेवेदो वॉशिंग्टनच्या संघातून राष्ट्रीय विजेती ठरली.

त्यापूर्वी मेरीलँडमध्ये ती आठवीच्या वर्गाला इंग्रजी शिकवीत असे. आपल्यासारखी माणसे या पुस्तकांत कोठे आहेत, अशी तेथील विद्यार्थ्यांची तक्रार होती. त्या तक्रारीने ती कादंबरीकडे वळली. २०१८ साली 'द पोएट एक्स' ही पद्यरूप कादंबरी प्रसिद्ध झाली. तिला अमेरिकेचे 'नॅशनल बुक अवॉर्ड' मिळाले आणि २०१९ साली ब्रिटनचे कार्नेगी पदकही. १९३६ पासूनच्या या पदकाच्या इतिहासात श्वेतेतर लेखकाला मिळालेला हा पहिलाच मान.

कादंबरीची नायिका सिओमारा हार्लेममधील शाळकरी मुलगी. आई अत्यंत धर्मनिष्ठ. मुलगी मनातले सारे एका वहीत कवितारूपाने लिहिते, आणि ती वही हाती लागताच आई ती जाळून टाकते. मला या प्रसंगात आई दुष्ट वाटली नाही. ती भ्यालेली वाटली. परक्या शहरात मुलगी हातची जाईल, या भयाने आपणही घरोघरी किती वह्या मिटावयास लावतो! विशेष हे की, मुलगी इंग्रजीत लिहीत असली तरी आईच्या बोलण्यात स्पॅनिश कानी पडते, आणि लेखिकेने ते इंग्रजी पानावर तसेच राहू दिले आहे.

तेव्हा कार्यकारिणीस माझी एक सूचना आहे. यापुढील वार्षिकांत चार पाने मुलांसाठी राखावीत, आणि त्यांच्या मराठीत येथील हिंदी वा इंग्रजी मिसळलेले आढळल्यास संपादकांनी लाल पेन्सिल जरा दूर ठेवावी.