कोण म्हणाले, ते सांगा

मराठी-इंग्रजीच्या अध्यापकांच्या अधिवेशनात अध्यक्षाने भाषाशिक्षणाच्या सद्यःस्थितीचा आढावा घ्यावा, असा रिवाज आहे. तो आढावा थोडक्यात घेतो. अभ्यासक्रम वारंवार बदलले, सत्रपद्धत आली, नेमलेली पुस्तके मागे पडली आणि त्यांची जागा गाइडांनी घेतली. आढावा इथे थांबवतो, कारण मला आज एकाच गोष्टीवर बोलायचे आहे आणि ती बोलायला मी अनेक वर्षे थांबलो आहे. आपण आपल्या विद्यार्थ्यांना लिहायला शिकवतो, पण लिहिलेल्याचा आधार सांगायला शिकवत नाही. ‘असे म्हणतात’, ‘जाणकारांच्या मते’, ‘इतिहास साक्ष देतो’ या तीन वाक्प्रयोगांवर आपले निबंध, आपले गौरवग्रंथ आणि आपली व्याख्याने उभी आहेत. कोण म्हणते, कोणता जाणकार, इतिहासाचा कोणता कागद, हे विचारणे आपल्याकडे उद्धटपणाचे समजले जाते. माझ्या मते ते वाचकाचे पहिले कर्तव्य आहे आणि विचारण्याआधीच ते सांगणे हे लेखकाचे.

गोंधळाचे मूळ आपल्या वर्गातच आहे. इंग्रजीतले ‘साइट’ (cite) हे क्रियापद आपण मुलांना ‘उद्धृत करणे’ असा एकच अर्थ देऊन शिकवतो. त्यातून मुलगा साहजिकच असा निष्कर्ष काढतो की दुसऱ्याचे शब्द जसेच्या तसे घेतले तरच त्याचे नाव सांगायचे. शब्द आपण बदलले की मजकूर आपला झाला. इथे तीन वेगळ्या क्रिया एकमेकींत मिसळतात. दुसऱ्याचे शब्द अवतरणचिन्हांत देणे ही एक. त्याचे म्हणणे स्वतःच्या शब्दांत मांडून ते त्याचे आहे असे सांगणे ही दुसरी. कुणाचे तरी नाव नुसते घेणे ही तिसरी. ‘साइट’चा खरा भार दुसऱ्या क्रियेवर आहे आणि नेमकी तीच आपण शिकवत नाही. ही अडचण एकट्या मराठी मुलांची नव्हे. चिनी भाषेत ‘यिनयोंग’ हा एकच शब्द अवतरण देण्यालाही चालतो आणि आधार सांगण्यालाही, त्यामुळे इंग्रजी शिकणारी चिनी मुले याच जागी अडखळू शकतात. न्यायालयात मात्र असा गोंधळ चालत नाही. वकील ‘सायटेशन’ देतो तेव्हा खटल्याचे नाव, वर्ष, निवाडा ज्यात छापला तो ग्रंथ आणि पान सांगतो, कारण समोरचा वकील आणि न्यायाधीश ते पान उघडून पाहणार असतात. आधार सांगण्याचे सगळे मर्म एवढेच आहे: माझ्यावर विश्वास ठेवू नका, इथे जाऊन पाहा.

याची गरज किती आहे, हे पाहायला या शहराबाहेर जावे लागत नाही. मे १९३० मध्ये सोलापुरात इंग्रजांचा अंमल कोलमडला आणि १२ मे रोजी इथे मार्शल लॉ पुकारला गेला. मल्लप्पा धनशेट्टी, कुर्बान हुसेन, श्रीकृष्ण सारडा आणि जगन्नाथ शिंदे यांना १२ जानेवारी १९३१ रोजी येरवड्यात फाशी दिली गेली. यात वाद नाही. पण शहर स्वतंत्र किती दिवस होते? कोणी तीन सांगतो, कोणी चार. मोजणी कुठल्या दिवसापासून धरायची यावर हा फरक पडत असावा. पण मोजणी कुणी, कुठल्या नोंदीवरून केली हे बोलणारा सांगतच नाही, म्हणून वाद मिटत नाही. नगरपालिकेवर तिरंगा फडकवण्यात सोलापूर देशात पहिले, हे वाक्यही आपण दरवर्षी ऐकतो. ते खरे असेल तर त्याच्या पाठीशी त्या सभेचे इतिवृत्त किंवा त्या वेळचे वृत्तपत्र उभे करा. हुतात्म्यांच्या शहराचा अभिमान आधार मागितल्याने कमी होत नाही. आधाराशिवाय सांगितलेल्या अभिमानाला मात्र बाहेरचा कोणीही एका प्रश्नात गप्प करू शकतो.

डॉ. द्वारकानाथ कोटणीस यांच्याबद्दलही आपण असेच आधार न सांगता बोलतो. १९१० मध्ये सोलापुरात जन्मलेला हा डॉक्टर १९३८ मध्ये भारतीय वैद्यकीय पथकाबरोबर चीनला गेला, चिनी भाषा शिकला आणि ९ डिसेंबर १९४२ रोजी तिथेच वारला. त्यांच्यावर ख्वाजा अहमद अब्बास यांचे १९४४ मधले पुस्तक आहे, व्ही. शांताराम यांचा १९४६ मधला चित्रपट आहे आणि पथकातले सहकारी डॉ. बसू यांनी लिहिलेला वृत्तांतही आहे. हे तीन आधार एका दर्जाचे नाहीत. सोबत राहिलेल्या माणसाची साक्ष वेगळी, तिऱ्हाइताने रचलेले चरित्र वेगळे आणि पडद्यासाठी बेतलेला प्रसंग वेगळा. चित्रपट थोर असू शकतो, पण त्यातला संवाद डॉक्टरांचे उद्गार म्हणून छापणे हा वाचकाचा विश्वासघात आहे. ‘चित्रपटात असे दाखवले आहे’ एवढे चार शब्द लिहिले तर तो टळतो.

यावर पहिला आक्षेप असा घेतला जातो की ही पाश्चात्त्य प्रथा आहे. आपली परंपरा स्मरणाची आणि श्रद्धेची. मला हा आक्षेप आपल्याच वाङ्मयाच्या अज्ञानातून आलेला वाटतो. मराठी गद्याच्या आरंभी ‘लीळाचरित्र’ उभे आहे. तेराव्या शतकात म्हाइंभटांनी चक्रधरस्वामींच्या लीळा ज्यांनी पाहिल्या-ऐकल्या त्यांच्याकडे जाऊन गोळा केल्या. पुढे मूळ पोथी हरवली आणि अनुयायांनी ती आठवणींतून पुन्हा उभी केली, तेव्हा आठवणींत फरक निघाले. ते त्यांनी लपवले नाहीत. हिराइसेचा पाठ असा, परशरामबासांचा असा, अशी नावानिशी नोंद ठेवली. श्रद्धेने ओथंबलेली ही माणसे होती आणि म्हणूनच इतकी काटेकोर होती. पूर्वेकडे पाहिले तर चीनमध्ये सिमा ग्वांग यांनी १०८४ मध्ये आपला इतिहासग्रंथ पुरा केला, तेव्हा परस्परविरोधी आधारांपैकी कोणता का स्वीकारला हे सांगणारा तीस भागांचा स्वतंत्र ग्रंथ त्याला जोडला. तेव्हा ही प्रथा पश्चिमेची मिरास नाही.

दुसरा आक्षेप रसिकांचा: तळटीपांनी लेखन रुक्ष होते. तळटीप द्याच, असा माझा आग्रह नाही. ‘अमके म्हणतात’ हे दोन शब्द वाक्याच्या लयीत सहज बसतात. तिसरा आक्षेप भीतीचा आहे आणि तो उघडपणे कोणी बोलत नाही: आधार सांगितला तर चूक सापडेल. सापडावीच. ग्रँट डफने १८२६ मध्ये मराठ्यांचा इतिहास प्रसिद्ध केला आणि तळटीपांत आपली साधने नमूद केली. चाळीसेक वर्षांनी नीळकंठ जनार्दन कीर्तने या तरुणाने त्या इतिहासावर टीका लिहिली. इतिहाससंशोधक राजवाड्यांनी १८९८ पासून मराठ्यांच्या इतिहासाच्या साधनांचे खंड छापले, म्हणून पुढच्यांना राजवाड्यांशीही भांडता आले. ज्याला खोडता येते त्यातूनच ज्ञान वाढते. ‘असे म्हणतात’ला कोणी खोडू शकत नाही आणि म्हणून त्यातून काही उगवतही नाही.

शेवटचा आक्षेप कारभाऱ्यांचा: विद्यापीठ अनुदान आयोगाचे २०१८ चे वाङ्मयचौर्यविरोधी नियम आहेत, साम्य मोजणारे सॉफ्टवेअर आहे, आता आणखी काय हवे? त्या नियमांत दहा टक्क्यांपर्यंतच्या साम्याला दंड नाही, साठाच्या पुढे सर्वांत कडक दंड. नियम हवेतच. पण यंत्र शब्दांचे साम्य मोजते. दुसऱ्याचा विचार शब्द बदलून उचलणारा त्यातून सुटतो आणि टक्का खाली आणण्यासाठी वाक्ये फिरवणे हाच आमच्या शोधछात्रांचा अभ्यास होऊन बसतो. प्रामाणिकपणा टक्क्यांत शिकवता येत नाही. तो पहिल्या वर्षाच्या पहिल्या निबंधात, शिक्षकाच्या लाल शाईने शिकवावा लागतो. ग्रंथालय नाही, मूळ पुस्तक मिळत नाही, ही सबब मला मान्य आहे; पण तिने खोटेपणाची मुभा मिळत नाही. मूळ पाहिले नसेल तर ‘अमुक गाइडात दिल्याप्रमाणे’ असे लिहावे. त्यात लाज नाही.

कामे पुष्कळ आहेत. ‘म्हणतो’, ‘सुचवतो’, ‘दाखवतो’, ‘सिद्ध करतो’ यांतला फरक समजावणारी छोटी पुस्तिका मराठी-इंग्रजीच्या शिक्षकांनी मिळून करावी. सोलापूरच्या इतिहासाच्या साधनांची एक यादी व्हावी. तपशील समित्या ठरवतील. माझी मागणी एकच आणि ती आजच्या खुल्या अधिवेशनात ठराव म्हणून यावी: आपल्यापैकी प्रत्येकाने यापुढे ‘असे म्हणतात’ लिहिणाऱ्या प्रत्येक विद्यार्थ्याची वही परत करावी आणि समासात लिहावे, ‘कोण?’. हाच प्रश्न आपल्या प्राध्यापकांनाही विचारण्याचा हक्क त्या विद्यार्थ्याला द्यावा.