पाऊस, घाट आणि कॅमेरा



पोटापाण्यासाठी मी सॉफ्टवेअर लिहिते. पण आज मला बोलायला सांगितलंय ते पावसाळ्यातल्या माझ्या एकटीच्या भटकंतीबद्दल. दर जुलैत मी कॅमेरा घेऊन निघते. वाई, पसरणी घाट, महाबळेश्वर आणि आंबेनळी घाटाने खाली पोलादपूर. भूगोलाच्या तासाला आपण ‘पर्जन्यछायेचा प्रदेश’ घोकला होता, तो या रस्त्यावर डोळ्यांना दिसतो. महाबळेश्वरला वर्षाला 5000 मिलिमीटरहून जास्त पाऊस, आणि पस्तीसेक किलोमीटरवरच्या वाईत त्याच्या पाव हिस्साही नाही!

एकटीच का जाते, असं सगळे विचारतात. कारण या फोटोंत मुख्य काम वाट पाहण्याचं असतं. धुक्यात तासभर बसावं, तेव्हा एखादं मिनिट ढग फाटतो आणि सावित्रीचं खोरं खाली उलगडतं. सोबतचा माणूस तोवर कंटाळलेला असतो.

थोडं तंत्रही सांगते. धुक्यात कॅमेरा फसतो, पांढऱ्याचं करडं करतो. म्हणून एक्स्पोजर एक स्टॉप वाढवायचं. पोलरायझर लावला की ओल्या पानांवरची चकाकी जाते आणि खरा हिरवा रंग दिसतो. कोरडी फडकी मात्र कितीही न्या, कमीच पडतात.

काही नियम मी मोडत नाही. कापलेल्या डोंगराच्या कडेला गाडी उभी करायची नाही. वीज कडाडली की ट्रायपॉड आवरून, काचा लावून गाडीत बसायचं. रस्त्यावर दगडमाती यायला लागली की मागे फिरायचं, समोर कितीही सुंदर दृश्य असलं तरी. हातचा फोटो सोडताना जीव हळहळतो, पण सोडायचा.

घाटातल्या चहाच्या टपरीवर एक मावशी एकदा म्हणाल्या, “ताई, तुमाला पाऊस वाढाया पायजे, आमाला रातीचा थांबाया पायजे.” 22 जुलै 2021 रोजी महाड तालुक्यातल्या तळीये गावावर दरड कोसळली, माणसं घरांसकट गाडली गेली. ते गाव याच डोंगररांगेच्या पायथ्याचं. मी ज्या ढगांची वाट पाहत बसते, त्यांच्याखाली कुणीतरी रात्र जागून काढत असतं.

पूर्वी माझ्या फोटोंत नुसते कडे आणि ढग असायचे. घर किंवा विजेचा खांब आला तर मी कॅमेरा वळवायचे. आता वळवत नाही. पत्र्याचं छप्पर, खाचरात लावणी करणाऱ्या बायका, धुक्यातला एखादा पिवळा दिवा, हे सगळं फोटोत येऊ देते. त्यांच्याशिवाय तो पाऊस अर्धाच दिसतो.

पुढच्या जुलैत कुणाला यायचं असेल तर गाडीत जागा आहे. अट एकच, तासभर गप्प बसायचं. आपल्या वर्गाला ते कधी जमलं नव्हतं, बाई साक्षीला आहेतच!