घाम गाळला म्हणजे व्यायाम झाला का?

हेडफोन लावलेत ना? जमलं तर आजचा भाग चालता चालता ऐका.

आपल्या बीड जिल्ह्यात पहाटे रस्त्यावर बघा, पोलीस भरतीची पोरं-पोरी पळत असतात. मुलांना १६०० मीटर, मुलींना ८००. यातल्या कितीतरी जणांचा एक समज असतो: रोज जीव तोडून पळालं तरच वेळ कमी होतो, एक दिवस सुट्टी घेतली की सगळं गेलं. खरं तर उलटं आहे. पळताना स्नायूंवर ताण येतो. ते भरून निघतात आणि बळकट होतात ते नंतर, झोपेत आणि आरामात. सुट्टीच घेतली नाही तर नडगी दुखायला लागते आणि ऐन भरतीत पाय साथ सोडतो. म्हणून आठवड्यात एक-दोन दिवस हलकं ठेवा. सात-आठ तास झोपा. रात्री दोनपर्यंत रील बघून पाचला पळायला जाऊ नका.

दुसरा समज: "अविनाश साबळे शाळेत पायी जायचा, म्हणून चॅम्पियन झाला." आष्टी तालुक्यातल्या मांडव्याचा हा गडी, २०२२ च्या बर्मिंगहॅम राष्ट्रकुल स्पर्धेत ३००० मीटर स्टीपलचेसमध्ये रौप्य घेऊन आला. पण शाळेत पायी जाणारी पोरं गावोगावी होती. तो पुढे गेला ते सैन्यात भरती झाल्यावर, पद्धतशीर सराव मिळाल्यावर.

आता तिसरा, घरातला समज. "आई दिवसभर ऊस तोडते, तिला कशाला व्यायाम?" बरोबर, तिला आणखी घाम गाळायची गरज नाही. पण ऊसतोड हा व्यायामही नाही. व्यायाम आपण हळूहळू वाढवतो, दमलो की थांबतो. फडात दिवसभर वाकायचं, डोक्यावर मोळी घेऊन गाडीत चढवायची, आणि अंग दुखलं तरी थांबता येत नाही. खाडा पडला की पैसे कापले जातात. बीडमधल्या ऊसतोड बायकांच्या गर्भाशयाच्या शस्त्रक्रियांची बातमी २०१९ मध्ये देशभर गाजली. त्यामागे ही न मिळणारी विश्रांतीसुद्धा होती.

म्हणून एक काम सांगतो. भरतीचा सराव करताय ना? मग घरी पाण्याची घागर तुम्ही उचला, भांडी तुम्ही घासा. तुमचं अंग मोकळं होईल, आणि आईला टेकायला अर्धा तास मिळेल. आराम म्हणजे आळस नाही, हे आधी तिला पटवून द्या.

भेटू पुढच्या भागात. काळजी घ्या!