फुलबागेतील दोन समारंभ

ग्वाल्हेरच्या फुलबागेजवळ झांशीच्या राणी लक्ष्मीबाईंची समाधी आहे. तेथे दरवर्षी स्मरणाचा मेळा भरतो. इंग्रजांच्या कागदपत्रांत राणीच्या मृत्यूची तारीख १७ जून १८५८ आढळते. लोकस्मृतीने १८ जून मानली. मेळा दोन्ही दिवशी चालतो, त्यामुळे वादाला जागा उरत नाही.

अवघड आहे ती जूनची उन्हे. मुलांना मिरवणुकीत दुपारी उभे करणे हा देशभक्तीचा नव्हे, अविचाराचा भाग होय. पहाट किंवा तिन्हीसांजच बरी.

याच परिसरात १८५८ च्या जूनच्या आरंभी आणखी एक समारंभ झाला होता. महाराज जयाजीराव शिंदे आग्र्यास निघून गेले होते, त्यांची फौज बंडवाल्यांस मिळाली होती, आणि रावसाहेब पेशव्यांनी येथे थाटाचा दरबार भरविला. ब्राह्मणभोजने झडत होती. राणीला हा थाट रुचला नाही, असे इतिहासकार सांगतात. तिचे लक्ष मोर्चेबंदीकडे होते. १६ जूनला सर ह्यू रोज मोरारला येऊन थडकला. दुसऱ्या दिवशी कोटा की सरायजवळच्या लढाईत राणी पडली.

तिचा देह शत्रूच्या हाती लागू नये म्हणून गंगादासांच्या मठातील साधू लढले आणि मेले, अशी परंपरा आहे. हार-तुरे व भाषणे आटोपल्यावर मिरवणुकीची पावले त्या मठाच्या दारापर्यंत जावीत. वाट दूरची नाही.