वाटेवरचे दिवस कोणाच्या हिशोबात?

(ऊसतोड कामगार स्त्रियांच्या प्रश्नांवरील कार्यकर्ता शिबिरात केलेल्या भाषणाचे शब्दांकन)



ऊसतोडीवर बोलायचे म्हटले की आपण फडापासून सुरुवात करतो. कोयता, मोळी, मुकादम, उचल. नाहीतर गर्भाशय काढण्याच्या शस्त्रक्रियांपासून. २०१९ साली तो प्रश्न विधिमंडळात गाजला, नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली गेली, आणि बीड जिल्ह्यात पाहणी झालेल्या ८२,३०९ ऊसतोड बायकांपैकी १३,८६१ जणींचे गर्भाशय काढलेले आढळले. हे आकडे आपल्याला पाठ आहेत आणि पाठ असायलाच हवेत. पण आज मी फडाबद्दल बोलणार नाही. गाव आणि फड यांच्या मधल्या रस्त्याबद्दल बोलणार आहे. तान्ही पोरे घेऊन बाई ट्रॉलीत चढते तिथपासून कोपीत पहिली चूल पेटते तिथपर्यंत. हे दोन दिवस जाताना आणि दोन दिवस येताना. आपल्या अहवालांत ते जवळजवळ कुठेच सापडत नाहीत.

दसरा झाला की बीडच्या धारूर, केज, वडवणी, पाटोदा, शिरूर, आष्टी या भागांतल्या गावांत हालचाल सुरू होते. उचल उन्हाळ्यातच घेतलेली असते. ती लग्नात, दवाखान्यात किंवा मागच्या वर्षीच्या फिटलेल्या नाहीत अशा पैशात गेलेली असते. दिवाळीच्या मागेपुढे ट्रॅक्टर येतो. मागे दोन ट्रॉल्या. एका टोळीत दहा-बारा कोयते, म्हणजे दहा-बारा जोडपी. त्यांची पोरे, म्हातारी माणसे, शेळ्या, कोंबड्या, कोपीसाठी ताडपत्री आणि बांबू, चार-पाच महिन्यांची ज्वारी-बाजरी, सरपण, भांडी. सगळे सामान आधी भरतात. माणसे शेवटी, सामानाच्या वर.

केजहून कोल्हापूरकडे निघालेली टोळी कळंब, बार्शी, कुर्डुवाडी, पंढरपूर, सांगोला, मिरज असा रस्ता धरते. अंतर तीनशे-साडेतीनशे किलोमीटर. मोटारीने गेलो तर सात-आठ तास. भरल्या दोन ट्रॉल्या ओढणारा ट्रॅक्टर तासाला पंधरा-वीस किलोमीटरच्या वर जात नाही. वाटेत चाक पंक्चर होते, एखादी पिन तुटते, चालक झोपेला येतो. दिवस, रात्र आणि पुन्हा दिवस असा हा प्रवास होतो. कर्नाटकात बेळगाव-बागलकोटकडे जाणाऱ्यांचा आणखी लांबतो.

या दोन दिवसांत बाई नेमके काय करते, याची यादी मी बायकांबरोबर बसून केली. एका वस्तीवर सतरा-अठराजणी होत्या. सुरुवातीला सगळ्याजणी म्हणाल्या, "काय करायचंय ताई, बसून तर जायचं." मग एकेक सांगू लागल्या. निघायच्या आदल्या रात्री तीन दिवसांच्या भाकरी थापायच्या. ठेचा, चटणी बांधायची. ट्रॉलीत बसल्यावर अंगावरच्या पोराला पाजायचे, तेही हादऱ्यात, पदराखाली, दीराच्या आणि सासऱ्याच्या समोर. दोन-तीन वर्षांचे पोर फळीवरून खाली जाऊ नये म्हणून त्याला कमरेला साडीने बांधून घ्यायचे. रात्री थंडी पडली की गोधडी पोरांवर. पोर ओकले तर धुवायला पाणी नाही. त्याला हगवण लागली तर ट्रॅक्टर थांबवा म्हणायचे, आणि शिव्या खायच्या. शेळीला पाला टाकायचा. गाडी थांबली की पुरुष हॉटेलात चहाला जातात, बाई तीन दगड मांडून पोरांपुरते काहीतरी शिजवते. आणि जागे राहायचे. हे सगळ्याजणींनी सांगितले. पुरुष सामानावर आडवे होतात. आई झोपत नाही, कारण तिने हात सोडला तर पोर जाईल.

संडासचा प्रश्न मी विचारला तेव्हा त्या हसल्या. उजेडात ट्रॉली थांबते ती पंपावर किंवा हॉटेलावर. पंपावर संडास असतो, पण त्याला कुलूप असते, आणि किल्ली ट्रॉलीतून उतरलेल्या बाईला मिळत नाही. म्हणून बायका आदल्या दिवसापासून पाणी पिणे कमी करतात. अंगावर पाजणारी बाईसुद्धा. पाळी आली असेल तर ती दोन दिवस तशीच बसून राहते. फडावर पोहोचल्यावर पहिल्याच आठवड्यात लघवीच्या जळजळीने हैराण झालेल्या बायका आपल्याला भेटतात. आपण त्याचे खापर फडावरच्या पाण्यावर फोडतो. सुरुवात रस्त्यावरच झालेली असते.

आता मुलांकडे पाहू. सहा वर्षांच्या पुढची मुले मागे ठेवण्यासाठी हंगामी वसतिगृहे आहेत. ती चांगली चालावीत म्हणून आपण भांडतोही. पण सहाच्या आतल्या मुलाला मागे ठेवता येत नाही. ते आईबरोबर जाणारच. आणि ते जाणार म्हणून त्याला सांभाळायला आणखी कोणीतरी जाते. नऊ-दहा वर्षांची बहीण. भाऊ वसतिगृहात राहतो, बहीण ट्रॉलीत चढते. तिची शाळा मुकादमाने सोडवली नाही, वडिलांच्या दारूनेही सोडवली नाही. तान्ह्याला दिवसभर ठेवायला पाळणाघर नाही, म्हणून ती सुटली. शाळेच्या गळतीच्या तक्त्यात हे कारण 'पालकांचे स्थलांतर' म्हणून लिहिले जाते. मुलगाही त्याच पालकांचा असतो, हे त्या रकान्यात दिसत नाही.

मग मी बायकांना विचारले, या दिवसांचे पैसे मिळतात का? त्यांना प्रश्नच कळेना. ऊसतोडीचा हिशोब टनावर. टन नाही तर पैसा नाही. आपण साधा हिशोब करू. तोडणीचा दर टनाला साडेतीनशे रुपये धरा. जानेवारी २०२४ च्या करारात ३४ टक्के वाढ मिळाल्यानंतरचा हा साधारण आकडा आहे. एका कोयत्याने दिवसाला दोन टन तोडले तर सातशे रुपये. जाण्याचे दोन दिवस, येण्याचे दोन, कोपी उभी करायचा एक. पाच दिवस, साडेतीन हजार रुपये. दहा कोयत्यांच्या टोळीचे पस्तीस हजार. एवढे श्रम कारखान्याच्या दारात माणूस पोहोचवण्यासाठी दरवर्षी फुकट दिले जातात. उलट फडावर एक दिवस काम चुकले तर खाडा म्हणून पैसे कापले जातात. न केलेल्या दिवसाचा हिशोब चोख आहे. केलेल्या पाच दिवसांचा नाही.

कोणी म्हणेल, प्रवासाची मजुरी कुठे असते का? असते. निदान कायद्यात होती. १९७९ च्या आंतरराज्य स्थलांतरित कामगार कायद्यात स्पष्ट लिहिले होते की कामगाराला घरापासून कामापर्यंत जाण्यायेण्याचे भाडे मिळावे आणि प्रवासाचे दिवस तो कामावर आहे असे धरून मजुरी मिळावी. चाळीस वर्षांहून अधिक काळ ही ओळ पुस्तकात होती. पण तो कायदा राज्याची सीमा ओलांडणाऱ्यालाच लागू. टोळी कागलला थांबली तर काही नाही, पुढे निपाणीत गेली तर हक्क. शिवाय मालक कोण, हा वाद कायमचा. कारखाना म्हणतो मुकादम, मुकादम म्हणतो मी तुमच्यातलाच. आता तो कायदाही राहिला नाही. २१ नोव्हेंबर २०२५ पासून व्यावसायिक सुरक्षा, आरोग्य व कार्यस्थिती संहिता, २०२० लागू झाली. तिच्यात जाण्यायेण्याच्या भाड्याची तरतूद आहे, तीही आंतरराज्य कामगारांपुरतीच. प्रवासाच्या दिवसांची मजुरी देण्याची ओळ मात्र गेली. ती कधी वापरली गेली नाही म्हणून तिच्या जाण्याचा आवाजही झाला नाही. आपणही मोर्चा काढला नाही.

अपघाताचेही असेच. ट्रॉली उलटल्याची बातमी आपण दर हंगामात वाचतो. ट्रॉली हे मालाचे वाहन. मालवाहू गाडीत नुसते प्रवासी म्हणून बसलेल्या माणसाची भरपाई गाडीच्या सक्तीच्या विम्यात येत नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने २००२ साली आशा राणी प्रकरणात सांगितले. म्हणजे उसाच्या मोळ्या वाहायला गाडी आहे, पण मोळी बांधणारी बाई त्या गाडीत कायद्याने बसलेलीच नाही. तिच्या मांडीवरचे पोर तर त्याहून नाही.

हे सगळे सांगितले की अधिकारी म्हणतात, "मॅडम, एवढ्या लाखो लोकांची सोय कशी करायची?" त्यांना दोन गोष्टी दाखवायच्या. एक, आषाढीची वारी. हाच पंढरपूरचा रस्ता. वारीला ज्यादा एसटी गाड्या सुटतात. पाण्याचे टँकर, फिरते संडास, दवाखान्याची पथके, अलीकडे अंगावर पाजणाऱ्या बायकांसाठी हिरकणी कक्षसुद्धा. हे चांगलेच आहे, वारकरी बाईचा तो हक्कच आहे. पण त्याच पंढरपूरवरून चार महिन्यांनी ऊसतोड बाई तान्हे घेऊन जाते तेव्हा तिच्यासाठी एक मडके नसते. म्हणजे सोय करता येते. कोणासाठी करायची, एवढाच प्रश्न आहे.

दुसरी गोष्ट २०२० ची. टाळेबंदीत ऊसतोड कामगार कारखान्यांवर अडकले. १७ एप्रिल २०२० ला सरकारने त्यांना गावी जायची परवानगी दिली, तेव्हा कारखान्यांना याद्या करायला लावल्या, तपासणी करायला लावली. रोगाची भीती होती म्हणून का होईना, कोणती टोळी कुठून कुठे चालली हे पहिल्यांदा कागदावर आले. इतकी वर्षे 'आमच्याकडे कामगारांची नोंदच नाही' असे सांगणाऱ्यांनी ती काही दिवसांत केली. पुढच्या दसऱ्याला मात्र ती पद्धत विसरली गेली.

आपल्यातल्या काहीजणी म्हणतील, आणि गेल्या बैठकीत एकीने म्हटलेही, की स्थलांतर सुखाचे कशाला करायचे? मागणी गावातच कामाची हवी. मला ही मागणी मान्य आहे. रोजगार हमीसाठी आपण भांडलो आणि भांडत राहू. पण यंदाच्या दसऱ्याला ट्रॉली भरणारच आहे. तिच्यात बसणाऱ्या सहा महिन्यांच्या पोराला आपण 'थांब, आधी पाणलोट विकास होऊ दे' असे सांगू शकत नाही. आणि दुसरे असे की प्रवासाचा खर्च आणि मजुरी कारखान्याच्या अंगावर पडली, तरच माणसे तीनशे किलोमीटरवरून फुकट आणणे थांबेल. आजचे स्थलांतर स्वस्त आहे ते बाईच्या दोन जागरणांच्या जोरावर.

म्हणून माझ्या मागण्या चारच आहेत. प्रवासाचे आणि कोपी उभारण्याचे दिवस पगारी धरावेत, आणि बाईची मजुरी बाईच्या नावे मिळावी. सामान ट्रॉलीतून जावे, पण माणसे बसमधून. मुख्य रस्त्यांवर हंगामाच्या सुरुवातीला आणि शेवटी पाणी, संडास आणि दवाखान्याची सोय असलेले थांबे असावेत. आणि निघतानाच टोळीची यादी व्हावी, तिच्यात मुलांची नावे आणि वये असावीत, आणि ती पोहोचायच्या गावच्या अंगणवाडीला आधी मिळावी.

मागण्या मान्य होईपर्यंत आपल्या हातात काय आहे, तेही सांगते. गावातल्या गटांनी भाद्रपदातच घरोघरी यादी करावी. लसीकरणाचे कार्ड सामानाच्या तळाशी न जाता आईच्या पिशवीत राहील हे पाहावे; गोवराची लस नवव्या महिन्यात असते आणि नेमकी ती रस्त्यात चुकते. रेशन कार्ड दुसऱ्या गावात, दुसऱ्या राज्यातही चालते, हे बायकांना सांगावे. मोठी मुलगी जात असेल तर शाळेतून दाखला मागावा. शिक्षण हक्क कायद्याप्रमाणे मुख्याध्यापकांनी तो लगेच द्यायचा असतो, आणि तो मिळायला उशीर झाला म्हणून नव्या शाळेला प्रवेश नाकारता येत नाही. बार्शी, पंढरपूर, सांगोला, मिरज येथे आपल्या ओळखीचे गट आहेत. त्यांनी त्या पंधरवड्यात पंपचालकांशी बोलून संडासाची किल्ली उघडी ठेवायला लावली, तरी पुष्कळ. त्यासाठी शासन निर्णयाची वाट पाहायला नको.

आणि एक काम लिहिण्याचे. यंदा प्रत्येक गटाने पाच बायकांचा प्रवास लिहून काढावा. किती वाजता निघाली, कुठे थांबली, काय खाल्ले, किती झोपली, पोराला काय झाले, पैसे कोणी दिले. मार्च-एप्रिलमध्ये पट्टा पडला की परतीचाही लिहावा. पुढच्या कराराच्या बोलणीला कामगार संघटनांचे पुढारी बसतील तेव्हा त्यांच्यासमोर टनाच्या दराशेजारी हे कागद ठेवायचे आहेत. त्या टेबलावर बहुतेक पुरुषच असतील. त्यांना ट्रॉलीतला प्रवास माहीत आहे, पण सामानावर झोपून केलेला. पोराला साडीने कमरेला बांधून केलेला माहीत नाही. तो त्यांना सांगायला या वेळी बायका स्वतः गेल्या पाहिजेत, आणि त्यांच्या येण्याजाण्याचे भाडे व बुडालेला रोज आपल्या संघटनांनी दिला पाहिजे. हा हिशोब आपण आपल्यापासून सुरू करू.