जांभ्याला हवा गिलावा

खेडहून कोकण रेल्वेनं गोव्याला गेलात, तर तिथली दोन जुनी चर्च जरूर बघा. वेदी, मूर्ती तर बघालच. पण भिंतींकडेही नीट लक्ष द्या.

पहिलं चर्च पणजीच्या टेकडीवरचं, मेरीमातेचं. १५४१ मध्ये तिथं लहानसं प्रार्थनाघर होतं. १६०० मध्ये ते पॅरिश चर्च झालं. म्हणजे त्या भागातल्या ख्रिस्ती कुटुंबांचे बाप्तिस्मे, लग्नं, अंत्यविधी तिथंच होऊ लागले. १६१९ मध्ये ते नव्यानं, मोठं बांधलं. समोर नागमोडी पायऱ्या, वर भलीमोठी घंटा आणि भिंती पांढऱ्याशुभ्र.

दुसरं जुन्या गोव्यातलं बॉम जेझस. १५९४ मध्ये काम सुरू झालं, १६०५ मध्ये ते प्रार्थनेसाठी खुलं झालं. संत फ्रान्सिस झेवियर यांचे अवशेष तिथं आहेत. हे चर्च मात्र बाहेरून तांबडं दिसतं.

असा फरक का? दगड तर एकच, आपल्या घरांचा जांभा. बॉम जेझसलाही पूर्वी चुन्याचा गिलावा होता. १९५० च्या दशकात, दगड उघडा दिसावा म्हणून तो काढून टाकला. तेव्हापासून दर पावसाळ्यात जांभा पाणी पितो आणि झिजत जातो.

जांभा सच्छिद्र असतो. जुने गवंडी हे जाणून होते, म्हणून शिंपले भाजून केलेल्या चुन्याचा थर ते भिंतीला देत. गिलावा ही निव्वळ शोभा नव्हे, ती भिंतीची इरली आहे.

हे आज सांगायचं कारण म्हणजे गावोगावी मंदिरांचे जीर्णोद्धार चालू आहेत. कुठं जुना गिलावा खरवडून चिरे उघडे करतात, कुठं वर सिमेंट थापतात. सिमेंटमुळे आत शिरलेली ओल बाहेर पडत नाही आणि आतला चिरा कुजतो. चुना ती ओल बाहेर सोडतो.

तेव्हा गावात असा विषय निघाला, तर बचतगटातल्या बायांनी बैठकीत जरूर बोलावं. चुन्याचं काम जाणणारा गवंडी शोधायला सांगावं. आणि पाऊस सरला की देवळाभोवती एक फेरी मारावी. भिंतीत उगवलेलं पिंपळाचं रोप बोटभर असतानाच उपटावं. मुळं चिऱ्यांत शिरली की भिंत फुटते. या कामाला पैसा लागत नाही, फक्त लक्ष लागतं.