वाट चुकलेले मूल आणि आपला न्याय
(वाई येथील वार्षिक संमेलनात केलेले भाषण)



ज्या व्यासपीठावर आताच गुणवंत विद्यार्थ्यांचा सत्कार झाला, तेथूनच वाट चुकलेल्या मुलांविषयी दोन शब्द बोलण्याची अनुज्ञा आम्ही मागत आहोत.

१९ मे २०२४ रोजी पहाटे पुण्याच्या कल्याणीनगरात भरधाव मोटारीच्या धडकेने दोन तरुण अभियंते प्राणास मुकले. मोटार १७ वर्षांचा मुलगा चालवीत होता, असा आरोप झाला. बाल न्याय मंडळाने जामीन देताना ३०० शब्दांचा निबंध लिहिण्याची अट घातली, तेव्हा सर्वत्र संताप उसळला. ‘मोठ्यांचीच शिक्षा द्या,’ असे त्या दिवसांत आम्हीही बोलून गेलो. प्रौढाप्रमाणे खटला चालविण्याची पोलिसांची मागणी मंडळाने जुलै २०२५ मध्ये अमान्य केली.

मुलांना निराळा न्याय हे आजचे खूळ नव्हे. मुंबई इलाख्यात त्यासाठी १९२४ सालीच कायदा झाला. निर्ढावलेल्यांच्या संगतीत कोंडलेले मूल तुरुंगातून पक्के होऊनच बाहेर पडते, हे त्यामागील मर्म होय. दिल्लीतील २०१२ च्या अत्याचारानंतर २०१५ चा कायदा आला. किमान ७ वर्षांची शिक्षा असलेल्या अपराधाचा आरोप १६ ते १८ वयाच्या मुलावर असेल, तर त्याची समज व परिस्थिती पारखून मंडळ प्रकरण बाल न्यायालयाकडे पाठवू शकते. तरीही त्यास फाशी नाही, अथवा सुटकेची आशाच नसलेली जन्मठेपही नाही. म्हणजे सौम्यता याचा अर्थ मोकळीक नव्हे. मूल सुधारू शकते, या विश्वासाने त्यास जबाबदार धरणे, हा तो अर्थ होय.

परंतु हा विश्वास आपण सर्वांच्या मुलांवर ठेवतो काय? आमच्या स्मरणातील गोष्ट सांगतो. आपल्यातीलच एका चौदा वर्षांच्या मुलाने संस्थेच्या देणगीपेटीतून पैसे काढले. आम्ही त्याच्या वडिलांस बोलावून, चार शब्द सुनावून प्रकरण मिटविले. त्याच सुमारास एका सभासदाकडे धुणेभांडी करणाऱ्या बाईच्या तेवढ्याच वयाच्या मुलाने सायकल नेली. त्याला मात्र आम्ही चौकीवर पोहोचविले. पहिला आज चांगल्या नोकरीत आहे. दुसरा पुन्हा शाळेत दिसला नाही. कायद्याने दोघांस सारखेच मानले होते. भेद केला तो आम्ही. याची खंत आम्हांस आजही आहे.

म्हणून दोनच विनंत्या. अल्पवयीन मुलाच्या हाती गाडीची किल्ली देऊ नका. २०१९ च्या दुरुस्तीनुसार त्याबद्दल पालकास वा वाहनमालकास ३ वर्षांपर्यंत कारावास व २५,००० रुपये दंड होऊ शकतो. आणि गेलेला जीव तर दंडाने परत येत नाही. दुसरी विनंती अशी की, आपल्या मुलास जी क्षमा मागतो, ती दुसऱ्याच्या मुलास नाकारू नका, आणि दुसऱ्याच्या मुलास जी शिस्त लावू पाहतो, तीतून आपल्यास वगळू नका.

कृष्णामाईच्या घाटावर कोण कोणाचा मुलगा, हे पाणी विचारीत नाही. न्यायानेही विचारू नये, एवढे बोलून आम्ही आपली रजा घेतो.